बेळगावच्या ऑटोनगरातले चाचा मिस्त्री: इंजिन ऑइलात पाणी कुठनं येतंय ते शोधून दिलं त्याचा रिव्ह्यू

चार स्टार. पाचवा का कापला ते पुढं सांगतो, आधी गाडीचं ऐका, नाहीतर या माणसानं काय केलं ते कळणार नाही.

गाडी टाटा 2518, दहा टायर, 2014 चं मॉडेल, कमिन्सचं 5.9 लिटर सहा सिलिंडरचं इंजिन. जानेवारीत कोल्हापूर बाजूच्या एका पार्टीकडनं सेकंड हँड घेतली साडेसात लाखाला. एनओसी, टॅक्स, केए-22 चं (बेळगावचं) पासिंग यात जे दोन महिने गेले त्यावर वेगळं पुराण होईल, सोडा. गाडी बघायला गेलो तेव्हा गेज (ऑइलची लेव्हल बघायची पट्टी) ओढून बघितलं, ऑइल एकदम मधासारखं स्वच्छ, मी खूश, म्हटलं काय मेंटेन केलीय गाडी. आता कळतंय की दहा वर्षांच्या डिझेल इंजिनात ऑइल मधासारखं दिसत असेल तर ते काल घातलेलं असतं, कारण डिझेल गाडीचं ऑइल दोन दिवसांत काळं होतंय. रेडिएटरचं झाकण उघडायला हात घातला तर मालक म्हणाला "दादा भाजेल, गरम आहे." खरंच गरम होती. आम्ही यायच्या आधी कशाला गरम करून ठेवलीस बाबा हे विचारायचं मला सुचलं नाही. तर घेणाऱ्यांनो, सकाळी सहाला जावा, बॉनेटला हात लावा, गरम लागलं तर चहा पिऊन परत या.

आमचं काम म्हणजे उद्यमबागेतनं कास्टिंग भरायचं, पुणे-चाकण खाली करायचं, येताना मिळेल ते भाडं. दोन खेपा बऱ्या गेल्या. तिसऱ्या खेपेला येताना निपाणी सोडून तवंदी घाट चढताना टेंपरेचरचा काटा वर गेला. गाडीवर आमच्या मावशीचा मुलगा असतो, आप्पा म्हणतो आम्ही त्याला, वीस वर्षं स्टेअरिंगवर आहे. त्याचा फोन, "गाडी पाणी पिऊलालीय बघ. दोन कॅन घातलो, खाली एक थेंब नाही." खाली गळत नाही, सायलेन्सरमधनं पांढरा धूर नाही, मग पाणी जातंय कुठं? संकेश्वरला उभी करून त्यानं गेज ओढलं आणि फोटो पाठवला. ऑइलची लेव्हल कमी व्हायची सोडून बोटभर वर, आणि रंग कसा तर लग्नाच्या मांडवातला दूध जास्त झालेला चहा असतो तसा.

मग जे सगळे करतात ते आम्ही केलं. हायवेला एक गॅरेज आहे, नाव घेत नाही, तिथं लावली. त्यानं पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्या मधलं पॅकिंग. मला पण पटलं, कारण आमच्याकडं ऑइलात पाणी म्हटलं की हेड गॅस्केट हे पाळण्यातलं पोर पण सांगतंय. हेड उतरवलं, लेथवर फेसिंग करून (तळ सपाट करून) आणलं, नवीन गॅस्केट, नवीन ऑइल, रेडिएटरमध्ये हिरवं कूलंट, एकूण 38 हजार. गाडी नऊशे किलोमीटर चालली. परत चहा.

परत तिथंच गेलो तर म्हणे आता ब्लॉकला क्रॅक असेल, इंजिन पूर्ण खोलावं लागेल, एक लाख चाळीस हजार धरून चला. "असेल" म्हणे. एका "असेल" चे एक लाख चाळीस हजार! आप्पा तर तिथंच भडकला, मी त्याला बाजूला घेऊन ऊसाचा रस पाजला.

आम्ही कडोलीचे. गावात एकाचे ऊस ओढायचे ट्रॅक्टर आहेत, त्यानं सांगितलं की कणबर्गीकडं ऑटोनगरात एक चाचा आहेत, काम हळू करतात, तोंडानं फटकळ आहेत, पण खोलायच्या आधी बघतात. गाडी ओढून तिथं नेली.

गॅरेज म्हणाल तर गॅरेज म्हणायची पण लाज वाटेल असं. पत्र्याचं शेड, बाहेर दोन गाड्या विटांवर चढवलेल्या, बोर्डावर कन्नड मोठं आणि मराठी बारीक, आत मात्र सगळ्या भाषा एकदम चालू. पोराला कन्नडमध्ये ओरडायचं, गिऱ्हाइकाशी मराठीत, पार्टवाल्याशी फोनवर हिंदीत, आणि पाना निसटला की उर्दूत. चाचांचं वय साठच्या पुढं असेल, चष्म्याची एक काडी वायरनं बांधलेली.

आम्ही सांगायला लागलो की हेड झालं, गॅस्केट झालं, फेसिंग झालं. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पाणी ऑइलात जातंय, का ऑइल पाण्यात जातंय, का दोन्ही?"

मी गप्प. आप्पा गप्प. हे आम्हाला आजपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं.

रेडिएटर थंड होता, झाकण काढलं, बोट आत घालून बाहेर काढलं. बोटाला तपकिरी लोण्यासारखं काहीतरी, आणि नीट बघितलं तर त्यात पिवळे कण. चाचा हसायला लागले. "हळद घातलीय कुणीतरी." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रेडिएटर गळत असेल तर हळद पूड टाकायची, ती फुगून भोक बुजवते, हा आपल्याकडचा जुना ड्रायव्हरी इलाज आहे. रात्री घाटात अडकला तर घरी पोचायला ठीक आहे. पण आधीच्या मालकानं ती घालून गाडी विकली, आणि हायवेवाल्यानं रेडिएटर न धुता त्याच चिखलावर हिरवं कूलंट ओतलं.

मग चाचांनी जे समजावलं ते मला नुसतं त्याच्यासाठीच पैसे द्यावेसं वाटलं. गाडी चालू असताना ऑइलचं प्रेशर पाण्यापेक्षा बरंच जास्त असतंय, तीन-साडेतीनला काटा असतो आणि पाण्याचं प्रेशर एकाच्या आसपास, म्हणून दोघांच्या मधे कुठं भोक पडलं तर चालू गाडीत ऑइल पाण्यात घुसतंय. गाडी बंद केली की ऑइलचं प्रेशर लगेच शून्य, पण रेडिएटर गरम, झाकण बंद, आत वाफ कोंडलेली, त्याचं प्रेशर तासभर तसंच. आता पाणी उलटं ऑइलात जातंय. "म्हणजे दिवसा हे त्याच्या घरात जातं आणि रात्री ते ह्याच्या," चाचा म्हणाले. दोन्हीकडं माल मिळाला तर पहिला संशय प्रेशरचं ऑइल आणि पाणी जिथं सर्वात जवळ येतात तिथं घ्यायचा, आणि ती जागा म्हणजे ऑइल कूलर, पाण्यानं ऑइल थंड करणारा भाग. हेड गॅस्केटमधनं पण असं होऊ शकतं, पण ते नवीन टाकून पण रोग तोच राहिला म्हटल्यावर कूलरचा नंबर पहिला.

पण लगेच कूलर खोलला का? नाही. "संशय आहे, पुरावा नाही" म्हणाले, आणि गाडी रात्रभर तिथंच सोडायला लावली. सेल मारायचा नाही, ढकलायची पण नाही, गप उभी. आप्पाला हे काही पटेना, तो रात्री केबिनमध्येच झोपला, कुणी सेल मारतंय की काय बघायला.

सकाळी चेंबरचा (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीचा) नट अगदी हळू, अर्धा-अर्धा आटा सैल केला, खाली कापलेला कॅन. पहिल्यांदा काय आलं तर अर्धा ग्लास हिरवं पाणी, एकदम वेगळं, आणि त्याच्या मागनं ते चहासारखं ऑइल. पाणी जड, ते रात्रभरात तळाला बसतं, म्हणून गाडी हलवायची नाही. मग गॅरेजातल्या चहाच्या स्टोव्हवर डब्याचं झाकण तापवलं, त्यावर नव्या ऑइलचा एक थेंब टाकला, गप पडून राहिला, नुसता धूर. आमच्या ऑइलचा थेंब टाकला तर मोहरीच्या फोडणीसारखं तडतडलं. आप्पानं तीनदा करून बघितलं, त्याला मजा वाटली. डिझेल ऑइलात उतरलं तरी लेव्हल वाढते, पण त्यात ऑइल पातळ होतं, वास येतो, असं दुधाळ होत नाही आणि तडतडत पण नाही, हे पण तिथंच कळलं.

नंतर रेडिएटरच्या तोंडावर एक नळी लावली, तिच्यात निळं औषध, आणि इंजिन चालू करून वरची हवा त्यातनं ओढली. सिलिंडरमधला जळका गॅस पाण्यात येत असेल तर त्या औषधाचा रंग बदलतो. आमचं निळं ते निळंच. म्हणजे जाळाच्या बाजूनं गॅस्केट धरून आहे. इथं मी म्हटलं चला, म्हणजे गॅस्केट शंभर टक्के ओके, तर लगेच ओरडा खाल्ला. "ह्याच्यात फक्त गॅसचं कळतंय. ऑइलची वाट आणि पाण्याची वाट मधे फुटली असेल तर हे निळंच राहणार. अर्धं ऐकून पळू नका गा."

शेवटची परीक्षा खरी. चेंबर खाली उतरवला. रेडिएटरला हातपंप बसवला ज्याला काटा असतो, आणि झाकणावर जेवढं प्रेशर लिहिलेलं असतं तेवढंच मारलं, जास्त नाही, नाहीतर चांगला रेडिएटर फुटायचा. खाली जुना तरुण भारत अंथरला. मग सगळे स्टूल टाकून इंजिनखाली बघत बसलो, पिक्चर बघितल्यासारखं. पाणी कुठनं पडतंय त्यावरनं रोग कळतो. सिलिंडरच्या खालनं ओघळलं तर भिंतीला किंवा ब्लॉकला भोक, वरनं पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या दांड्यांच्या) बाजूनं उतरलं तर हेड किंवा गॅस्केट. (काही इंजिनांत सिलिंडरला बाहेरनं पाणी लागतं असा सुटा लायनर असतो आणि त्याच्या खालच्या रबर रिंगा गळतात, ते पण असंच खालनं दिसतं. या 5.9 मध्ये लायनरच नाही, थेट ब्लॉकमध्येच बोअर, म्हणून तो प्रश्न आला नाही.) अर्धा तास झाला, काटा हळूहळू पडतोय पण पेपर कोरडा. मग चाचांनी ऑइल फिल्टर काढला. फिल्टर जिथं बसतो तो हेडरच या इंजिनात ऑइल कूलरचं झाकण आहे. फिल्टर काढला आणि त्याच्या तोंडातनं टप... टप... हिरवं पाणी. ऑइलच्या वाटेतनं. जिथं पाण्याचं काही कामच नाही.

चाचा काही बोलले नाहीत, पोराला नुसती मान हलवली, पोरगं पाना घेऊन आलं.

कूलर बाहेर काढला, एकावर एक पत्रे बसवल्यासारखा असतो, एवढासा, माझ्या दोन तळहातांत बसेल. दोन्ही भोकं पट्टी आणि रबर लावून बंद केली, एकातनं कॉम्प्रेसरची हवा, आणि पाण्याच्या टबात बुडवला. काहीच नाही, एक बुडबुडा नाही. माझ्या पोटात गोळा आला, म्हटलं गेलं, परत "असेल" सुरू. पण चाचांनी टबात उकळतं पाणी ओतायला लावलं, पाच मिनिटं थांबले आणि परत हवा सोडली. पत्र्याच्या जोडातनं बारीक बुडबुड्यांची माळ लागली. थंड असताना चीर मिटलेली, गरम झाल्यावर उघडते. म्हणूनच थंड गाडी बघून कुणाला काही सापडत नव्हतं, असं ते म्हणाले, आणि हायवेवाल्याला पण थोडं सांभाळून घेतलं, म्हणजे शिव्या दिल्या पण कमी दिल्या.

फुटला कशामुळं? वर्षानुवर्षं बोअरचं साधं पाणी घातलेलं. बोअरच्या पाण्यात क्षार, ते आत जमतात आणि धातू खातात, कूलंटमध्ये जे गंजरोधक असतं ते साध्या पाण्यात नसतं. आता आम्ही कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं घालतो. उन्हाळ्यात कशाला कूलंट, आपल्याकडं कुठं बर्फ पडतोय, असं मी पण म्हणायचो.

नवीन कूलर ओरिजिनल मागवला, साडेचार हजार, वरचे दोन पॅकिंग वेगळे. नवीन कूलरच्या भोकांत कंपनीनं धूळ जाऊ नये म्हणून बुचं घातलेली असतात, ती काढून चाचांनी माझ्या हातावर ठेवली. म्हणे ही काढायला विसरून बसवलेली एक गाडी त्यांच्याकडं आली होती. ती बुचं अजून डॅशबोर्डवर आहेत.

बेअरिंगची गोष्ट महत्त्वाची. कूलंट मिसळलेलं ऑइल बेअरिंगला नीट थर देत नाही, आणि त्यातलं पाणी उडून गेलं तरी कूलंटचा चिकट भाग मागं राहतोच, त्याचा गाळ होतो. जुना फिल्टर हॅकसॉनं कापून दाखवला, आतला कागद तळलेल्या पापडासारखा फुगून वाकडातिकडा. चेंबर खाली होताच म्हणून एक बिग एंड कॅप (कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचं झाकण) उघडली, बेअरिंगवर रेघा सुरू झालेल्या, म्हणून सहाच्या सहा बदलले. मेन बेअरिंगचा एक कॅप उघडून बघितला, तो ठीक होता, तसाच बसवला. इथं दुसरा कुणी असता तर क्रँक ग्राइंडिंगपर्यंत नेलं असतं.

मग धुणं. स्वस्तातलं ऑइल भरून दहा मिनिटं स्लोवर चालवायचं, काढायचं, फिल्टर नवा, असं तीनदा, तिसऱ्या वेळी चहा जाऊन काळा रंग आला. शेवटी चांगलं ऑइल, सोळा लिटरच्या आसपास लागलं. पाण्याच्या बाजूला थर्मोस्टॅट काढून रेडिएटर फ्लश घालून गरम करायचं, सोडायचं, परत. मी म्हटलं भांड्याचा साबण टाकू का, तर म्हणाले "टाक, मग फेस काढत बस दिवाळीपर्यंत." हळद पाचव्या धुण्यापर्यंत निघत होती.

एकूण बिल 31,400. त्यात मजुरी साडेनऊ हजार, आणि नुसतं तपासायचे वेगळे हजार लावलेले. माझ्यासमोर एकानं त्या हजारावरनं वाद घातला की बघायचे कसले पैसे. मला विचाराल तर सगळ्या बिलात तेच हजार सर्वात स्वस्त, माझे 38 हजार न बघता खोलण्यात गेलेत.

आणखी एक. आम्ही तिथं असताना खानापूरकडचा एकजण टाटा 407 टेंपो घेऊन आला, घाबरलेला, ऑइल भरायच्या झाकणाला आतनं पांढरं लोणी. चाचांनी गेज बघितलं, स्वच्छ. रेडिएटर बघितला, भरलेला, पाणी कमी होत नाही म्हणे. विचारलं गाडी किती फिरते, तर रोज गावातल्या गावात चार-पाच किलोमीटर. पावसाळ्यात एवढ्याशा फेरीत इंजिन पुरतं तापत नाही, आतल्या वाफेचं पाणी झाकणाला धरतं, बस. "बेळगावला एक भाडं मार आणि मग बघ" म्हणून परत पाठवला, चहाचे पण पैसे घेतले नाहीत. त्याचं पण हेड उतरवून ठेवणारे मला दोन तरी माहीत आहेत.

आता पाचवा स्टार. पहिलं म्हणजे वेळ. चार दिवस म्हणाले, अकरा लागले. फोन उचलत नाहीत, उचलला तर पोरगं उचलतं आणि "अण्णा (म्हणजे चाचाच) नमाजला गेलेत" म्हणतं, सकाळी साडेदहाला. कास्टिंगच्या पार्टीनं दोन खेपा दुसऱ्याला दिल्या, तो तोटा कुठल्या बिलात येत नाही. दुसरं, पक्कं बिल नाही. माझं बिल फिल्टरच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिलेलं आहे, जीएसटी वगैरे विषयच नाही, मला हिशेबाला लागत होतं.

तिसरं जरा मोठं. ऑइल पाण्यात गेलं की रबरी होज पाईप आतनं मऊ पडतात, फुगतात. चाचांनी वरचा बदलला, खालचा दाबून बघितला आणि चालतोय म्हणाले. वीस दिवसांनी हत्तरगी टोलच्या अलीकडं तो फाटला. आप्पानं काटा बघून लगेच बंद केली म्हणून वाचलो, नाहीतर नवीन बेअरिंगसकट सगळं परत चुलीत. फोन केला (चौथ्यांदा उचलला), तर कारण न सांगता म्हणाले, "माझं चुकलं, दोन्ही बदलायला पाहिजे होते." पोराला गाडीवर पाठवून होज फुकट बसवून दिला. चूक कबूल करणारा मिस्त्री मी पहिल्यांदा बघितला, पण चूक ती चूक, स्टार कापला.

आज साडेसहा हजार किलोमीटर झाले. ऑइल काळं आहे, गेजवर लेव्हल आहे तिथंच, तवंदीला काटा मधेच राहतोय. रेडिएटरच्या झाकणाखाली अजून कधीतरी तेलाचा तवंग दिसतो, चाचा म्हणाले होते की महिना-दोन महिने दिसणार, कोपऱ्यातलं निघायला वेळ लागतो, फक्त तो वाढतोय का ते बघायचं. वाढत नाही. आप्पा रोज सकाळी सेल मारायच्या आधी गेज ओढतो, पांढऱ्या कापडाला पुसतो, कापडाचा फोटो मला पाठवतो. सांगितलेलं नाही, त्याचा तोच करतोय.

जाणार असाल तर शुक्रवारी दुपारी जाऊ नका, बंद असतं. गाडी गरम नेऊ नका, परत पाठवतात. आणि रेडिएटरमध्ये काय काय घातलंय ते आधीच खरं सांगा, हळद असो की अंडं, बोट घातल्यावर त्यांना कळतंयच.